पहिल्या हाकेला ओ

प्रिंटरची रिबन संपली होती, ती घेऊन चारुलता त्या दिवशी फोर्टातून परत येत होती. सत्त्याऐंशी सालचा सप्टेंबर. वाशीचा पूल ओलांडला की तेव्हा हवाच बदलायची. खाडीच्या चिखलाचा आणि कुठेतरी वाळत घातलेल्या बोंबलांचा वास बसच्या खिडकीतून आत यायचा. पुढे नेरूळपर्यंत दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, सिडकोचे फलक, मधेच उजाड पडलेली भातखाचरं. करावे गावाच्या अलीकडे, खारफुटीला पाठ लावून, एका ट्रस्टचं नवं इस्पितळ उभं होतं. चारुलता तिथे कॉम्प्युटर चालवायला लागली होती.

म्हणजे, चालवायला म्हणून लागली होती. चालवत नव्हती. दुखणं तेच होतं.

काम तसं सरळ होतं. इथल्या रोग्याचं दुखणं वाढलं की त्याला ट्रस्टच्या मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात पाठवत. तिथल्या डॉक्टरला त्याचा रक्तगट, तपासण्या, चालू औषधं, सगळं ताबडतोब लागे. आजवर ती माहिती टेलिफोन बोर्डावरची गोजराबाई फोनवरून वाचून दाखवायची. आता ती माहिती कॉम्प्युटर पाठवणार होता, टेलिफोनच्याच तारेवरून, आपला आपण. त्याचा प्रोग्रॅम चारुलताने लिहिला होता. स्टॅटिस्टिक्सची पदवी, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. त्या इस्पितळात हे कळणारं दुसरं कोणीच नव्हतं, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

यंत्र सुरू व्हायच्या आधी मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे सुपरिंटेंडेंट डॉक्टर नंदकुमार रेग्यांनी, केबिनमध्ये चहावर बैठक घेतली.

"दोन गोष्टी आधी ठरवू," ते म्हणाले. "माहिती मागायची कुणी आणि यंत्र चालवायचं कुणी. माणसाचं दुखणं ही काही चौकात टांगायची वस्तू नाही. मागणार फक्त तिथला इलाज करणारा डॉक्टर. नातेवाईक नाही, पुढारी नाही. मीसुद्धा नाही."

"आणि चालवणार?" चारुलता खुर्चीत सावरून बसली.

"गोजराबाई."

चारुलताच्या बशीतला चहा साडीवर सांडला. "पण सर, प्रोग्रॅम मी लिहिलाय!"

"छान लिहिलास, मुली. बिघडला तर दुरुस्तही तूच कर. पण किल्ली, म्हणजे मशीनचा परवलीचा शब्द, त्यांच्याकडे. आणि त्यांची रीत आहे तीच मशीनला लाव. पहिल्या मागणीला काही द्यायचं नाही. तीच मागणी दुसऱ्यांदा आली, तरच."

गोजराबाई शेजारीच बसली होती. करावे गावची, चाळिशीची, मॅट्रिक. मनगटभर हिरव्या बांगड्या, आंबाड्यात अबोली, आणि बोलली की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज. सिडकोत जमिनी गेल्या तेव्हा गावात पहिली नोकरी धरणारी बाई म्हणून तिचा तोरा काही औरच होता.

"अगो, तोंड कशाला पाडतंस?" ती हसली. "फोनवर लबाड लोक कमी येतात का? मी डॉक्टर बोलतो म्हनून सांगतात आनि असतो तो जमिनीच्या भांडनातला पुतन्या. कट केला की परत करत नाय. आनि आमच्या गावान तिन्हीसांजंला पयल्या हाकंला कोनीच ओ देत नाय. नवरा असला तरी! दुसऱ्यांदा हाक आली तर समजायचा, आपला मानूस."

"आणि दोनदा हाक मारणारं भूत निघालं तर?"

"मंग ते पन आपलाच म्हनायचा!"

मोठे डॉक्टर चष्मा काढून हसले. चारुलता हसली नाही. विसाव्या शतकातलं मशीन, आणि त्याला गावच्या भुताखेतांचे नियम! म्हाताऱ्या माणसांना नवं काही दिलं की आधी ते त्याला जुने कपडे चढवतात, असं तिचं ठाम मत झालं.

मत झालं ते झालंच, पण त्याखाली दुसरंच काही जळत होतं. रोज संध्याकाळी राउंड संपवून मोठे डॉक्टर लांबलचक व्हरांड्याच्या टोकाशी उभे राहत आणि हाक मारत, "गोजराबाई!" बाई बोर्डावर बसून ऐकायची आणि गप्प राहायची. डॉक्टर परत हाक मारत, "गोजराबाई!" मग तिचा तो खणखणीत आवाज, "ओऽऽ, आले सर!" आणि दोघं केबिनमध्ये जाऊन दिवसभराचं बोलत बसत. कुठल्या रोग्याला घरचा डबा येत नाही, कुणाच्या म्हातारीला धीर द्यायला हवा, कोणती सिस्टर चिडचिड करते. बाहेर चारुलताला त्यांचं हसणं ऐकू येई. तिला डॉक्टरांनी कधी नावाने हाक मारली नव्हती. मुली. ए मुली. तिचं नाव त्यांना माहीत तरी होतं का, कोण जाणे.

काय मागत होती ती? एवढंच, की एकदा त्या व्हरांड्यात तिच्या नावाची हाक यावी. लोकांनी माना वळवाव्यात.

नवरात्र आलं. गोजराबाईने गावच्या देवीसाठी चार दिवस रजा घेतली. चारुलता मनातून खूश झाली. आता तरी किल्ली आपल्याकडे येईल. मोठे डॉक्टर सहज म्हणाले, "गोजराबाई नाहीत तोवर मशीन बंद ठेव. कुणी मागितलं तर मी फोनवर सांगेन."

आपल्यापेक्षा बंद मशीन बरं! त्या रात्री तिला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या, दार लावून घेतलं आणि प्रोग्रॅम बदलला. मागणी आली की थांबायचं नाही. पहिल्याच मागणीला उत्तर. गोजराबाई एका बोटाने टाइप करायची, त्यामुळे तिचा परवलीचा शब्द चारुलताला केव्हाच पाठ झाला होता. तिने तोच आत बसवून टाकला. म्हणजे मागणी आली की चालवणाऱ्याच्या जागी गोजराबाईचं नाव आपोआप लागणार आणि माहिती निघून जाणार. बाई नवरात्राहून परत आल्या की मोठ्या डॉक्टरांपुढे सगळं मांडायचं. बघा सर, बाई देवीपुढे फेर धरत होत्या आणि काम इथे चाललं होतं. बाईंची गरजच काय?

त्याच संध्याकाळी पहिली मागणी आली.

बाहेर ओहोटी लागली होती. खिडक्या बंद, एसी चालू, तरी खोलीत खाजणातल्या काळ्या चिखलाचा वास भरला होता. घंटी किणकिणली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. रोगी, कमळाकर म्हात्रे. मागणारा... तिथे काहीच नव्हतं. मोकळी जागा. मोकळी जागा प्रोग्रॅमने नाकारायला हवी होती. तशी ओळ तिने स्वतः लिहिली होती. पण प्रिंटर खरखरला, चालवणार गोजराबाई असं छापलं, आणि कमळाकरची सगळी माहिती तारेवरून निघून गेली.

कमळाकर हर्नियाचा रोगी. टाके निघाले होते, उद्या घरी जाणार होता. त्याची माहिती मुंबईला कशाला हवी?

तिने मोठ्या डॉक्टरांच्या ऑफिसातून मुंबईला फोन लावला. तिकडचं मशीन दिलीप बघायचा.

"कोण कमळाकर?" दिलीप म्हणाला. "आम्ही कुणीच काही मागितलं नाही. अगं, मशीनची लाइन दुपारपासून डेड आहे. खाडीतल्या केबलमध्ये पाणी गेलंय म्हणतात."

"मग माझ्याकडे घंटी कशी वाजली?"

"वाजली असेल उगाच. ओली तार आहे. टेन्शन नको घेऊ."

तिने टेन्शन घेतलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. सांगितलं तर प्रोग्रॅम बदलल्याचं बाहेर पडलं असतं.

सकाळी पुरुषांच्या वॉर्डात गडबड ऐकू आली. कमळाकर खाटेवर बसला होता. डोळे उघडे, नाडी चांगली, ताप नाही. चहाचा कप ओठाला लावला की पीत होता. पण सिस्टरने "कमळाकर" म्हटलं तर मान वळत नव्हती. बायकोने दंडाला धरून हलवलं. "अवो, मी हाय ना! ओ द्या ना..." तो तिच्याकडे बघत होता, दुकानाच्या पाटीकडे बघावं तसा. डॉक्टरांनी भुलीचा परिणाम म्हटलं. बायको एवढंच म्हणत राहिली, "ऐकू येतंय यांना. हाक यांची हाय, हे समजत नाय."

संध्याकाळी पुन्हा घंटी. रोगी, सुंदराबाई, बायकांच्या वॉर्डातली, दम्याची. या वेळी मागणाऱ्याची जागा मोकळी नव्हती.

मागणारा, कमळाकर म्हात्रे.

चारुलता पडद्याकडे बघत राहिली. कमळाकर खाली वॉर्डात पडून होता. त्याला टाइप करणं सोडा, सहीसुद्धा येत नव्हती. ती उठेपर्यंत प्रिंटर थांबलासुद्धा. चालवणार, गोजराबाई.

सकाळी सुंदराबाईही हाकेला ओ देईना.

आता मात्र ती घाबरली. शिकलेल्या माणसाची भीती वाईट. त्याला ती कुणाला सांगताही येत नाही. दिवसभर खोलीत माणसांची ये-जा होती. मुंबईहून आलेला तंत्रज्ञ तार तपासून, लाइन अजून बंदच असल्याचं सांगून, दिवस मावळताना गेला. तिने दार लोटलं आणि प्रोग्रॅम उघडला. बदललेल्या ओळी काढायच्या, जुन्या पुन्हा घालायच्या. अर्ध्या ओळी झाल्या असतील, आणि घंटी किणकिणली.

चिखलाचा वास एकदम दाट झाला. जणू कोणीतरी ओल्या पायांनी आत येऊन मागे उभं राहिलं होतं.

मागणारा, सुंदराबाई.

रोगी, गोजराबाई.

नोकरीतल्या सगळ्यांची तपासणी झाली होती, त्यामुळे गोजराबाईचेही कागद आत होतेच. अक्षरं पडद्यावर थांबली. तार जोडली जाताना यंत्र थोडा वेळ नुसतं घरघरायचं, तशी घरघर सुरू झाली. चारुलताने टेबलाखाली वाकून टेलिफोनची तार मुठीत धरली. ओढली की संपलं.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. मोठे डॉक्टर दारातूनच म्हणाले, "ए मुली, गोजराबाई उद्या येणार ना? आल्या की आधी माझ्याकडे पाठव. त्या नाहीत तर इस्पितळ कसं मुकं वाटतं बघ."

आणि ते गेले.

मुकं. इतके दिवस ती इथे राबत होती, बोलत होती, चालत होती. आणि इस्पितळ मुकं.

तिने तार सोडली नाही. पण ओढलीही नाही. एक श्वास, फार तर दोन. तेवढाच वेळ तिच्या मनात काहीतरी काळं तोंड वर करून बसलं होतं. मग प्रिंटर खरखरला. तिने जीव खाऊन तार ओढली, ती भिंतीतून उपटून हातात आली. पण कागद पुढे सरकतच राहिला. रक्तगट. वजन. लहानपणी झालेला गोवर. सगळं निघून गेलं. खाली छापलं होतं, चालवणार, गोजराबाई.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई कामावर आली. देवीचं कुंकू कपाळावर होतं, आंबाड्यात अबोली होती. बोर्डासमोर बसली. बोर्डावर दिवे लागत होते, विझत होते. ती बघत होती. व्हरांड्याच्या टोकाहून हाक आली, "गोजराबाई!" सवयीने सगळे थांबले. "गोजराबाई!" मग तिसऱ्यांदा, जरा घाबरून. "अहो, गोजराबाई..."

मोठे डॉक्टर तिच्याजवळ येऊन खाली उकिडवे बसले आणि तिच्या बांगड्यांच्या हातावर हात ठेवून कितीतरी वेळ तिचं नाव घेत राहिले. चारुलता दारात उभी होती. तिला रडू आलं, आणि त्या रडण्यातसुद्धा हेवा होता, हे तिचं तिला कळलं.

मुंबईचे डॉक्टर झाले, गावचे देवऋषी झाले. तिघांपैकी कुणालाच गुण आला नाही. गोजराबाईला घरात ठेवली की तिन्हीसांजेला ती उठून खाडीकडे चालू लागायची, म्हणून बहीण सखू तिला संध्याकाळी इस्पितळात आणून व्हरांड्यातल्या बाकावर बसवायची. तिथे मात्र ती शांत बसे.

किल्ली चारुलताकडे आली. मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "रीत ठाऊक आहे ना, मुली?"

"हो सर. दुसऱ्या मागणीलाच."

तिने जुन्या ओळी एकही अक्षर इकडचं तिकडे न करता परत घातल्या होत्या. केबल दुरुस्त झाली, मुंबईहून खऱ्या मागण्या येऊ लागल्या, दोन-दोनदा येऊ लागल्या, आणि काम सुरळीत चाललं. बदललेल्या ओळींबद्दल ती कुणाशी बोलली नाही. फक्त एक खोड लागली. घरी आई स्वयंपाकघरातून "चारू" म्हणाली की ती गप्प राहायची. आई करवादायची, "बहिरी झालीस का गं? दोन-दोनदा ओरडायला लावतेस!" मग ती ओ द्यायची. बस स्टॉपवर मैत्रिणीने हाक मारली तरी तेच. पहिल्या हाकेला जीभ टाळ्याला चिकटून बसायची.

दिवाळी होऊन गेली. दिवस लहान झाले. एका संध्याकाळी ती मशीन बंद करून त्यावर पांघरूण घालणार, इतक्यात घंटी वाजली. वासावरूनच तिला कळलं.

मागणारा, गोजराबाई.

रोगी, चारुलता.

ती हलली नाही. यंत्र दुसऱ्या मागणीची वाट पाहत होतं. तीही पाहत होती. पडद्यावरचा हिरवा चौकोन उघडझाप करत होता. एसीचं पाणी कुठेतरी ठिबकत होतं. दुसरी मागणी आली नाही. बराच वेळ गेला, वास विरत विरत गेला आणि अक्षरं आपोआप पुसली गेली. चारुलताने सुटकेचा निःश्वास सोडला. नियम खरा होता. ती वाचली होती. दार ओढून ती व्हरांड्यात आली.

व्हरांड्यात अजून दिवे लागले नव्हते. बाकावर गोजराबाई एकटीच बसली होती, सखू पाणी आणायला गेली असावी. आणि दूर टोकाशी, उजेडाला पाठ करून, मोठे डॉक्टर उभे होते.

"चारुलता!"

पूर्ण नाव. खणखणीत, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं. तिच्या अंगावर शहारा आला. इतकं सुंदर आपलं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. ओठ उघडले... आणि जीभ टाळ्याला चिकटली. पहिली हाक. की आतली ती पहिली, आणि ही दुसरी? असू दे. अजून एकदा मारतील. गोजराबाईला नेहमी दोनदाच मारायचे ना? मग मलाही...

"ओ, आले सर."

बाकावरून आवाज आला. बारीक, चटचटीत, शब्दांची शेपटं तोडणारा. चारुलताने तो आवाज जन्मभर स्वतःच्याच तोंडून ऐकला होता.

गोजराबाई उठली. अंधारात बांगड्या वाजल्या नाहीत. झपाझप पावलं टाकत ती चारुलताच्या अगदी जवळून गेली, तिच्याकडे न बघता. मोठे डॉक्टर म्हणाले, "आलीस? ये. काही बोलायचं होतं तुझ्याशी." आणि दोघं केबिनमध्ये गेले.

चारुलता तिथेच उभी राहिली. सखू पाण्याचा तांब्या घेऊन आली, रिकाम्या बाकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, की तिच्यातून पलीकडे बघितलं, आणि "गेली वाटतं घरी," असं पुटपुटत परत फिरली. मग शिवराम वॉचमन आला. त्याने जिन्याचं लोखंडी दार अर्धं ओढलं आणि काळोखाकडे तोंड करून विचारलं,

"कोन हाय का वर?"

दुसऱ्यांदा विचारेल, मग सांगू, असं चारुलताला वाटलं.

शिवरामने दार ओढून घेतलं. आत केबिनमध्ये मोठे डॉक्टर काहीतरी बोलले, आणि त्यावर तिचंच हसू तिला ऐकू आलं.